नजरचुकीने

माझ्या आत्याने आयुष्यात चुका केल्यात. लग्न केलं ती एक. माझ्या बापाच्या, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाच्या, तोंडावर खरं बोलायची सवय लावून घेतली ती दुसरी. पण सतरा नंबरची डबी तिने उघडी ठेवली असं ज्याला म्हणायचं असेल, त्याने माझ्यासमोर येऊन म्हणावं. मी वाट बघतेय.

आधी डबी म्हणजे काय ते सांगते. नाहीतर तुम्हीही त्या विम्याच्या ऑफिसातल्या साहेबांसारखी मान डोलवाल आणि डोक्यात काही शिरलेलं नसेल.

ऑफिसात टेबलावर जो कॉम्प्युटर दिसतो ना, तो हल्ली पुष्कळ ठिकाणी पुरता कॉम्प्युटर नसतोच. स्क्रीनच्या पाठीला पुस्तकाएवढी एक काळी डबी स्क्रूने बसवलेली असते. कागदावर तिला थिन क्लायंट म्हणतात, आम्ही डबी म्हणतो. डबीच्या पोटात ऑफिसचं काहीच साठत नाही. सगळी माहिती आतल्या थंड खोलीत, सर्व्हर नावाच्या मोठ्या मशिनवर. डबी म्हणजे तिथवर जायचं नुसतं दार. कोणी डबी उचलून पळाला तर त्याच्या हाती रिकामा डबा लागतो, बस. पण त्याच डबीला पेनड्राइव्ह लावायची भोकं असतात. ती उघडी राहिली, तर दारातून आत गेलेला माणूस खिसे भरून बाहेर येऊ शकतो. म्हणून ती बंद करायची. हे आमचं काम.

आणि डबीला झाकण असतं. हे झाकण डोळ्यांना दिसत नाही, आतली एक सोय आहे ती. तिचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, आत्या झाकण म्हणते, आणि मलाही तेच बरं वाटतं. झाकण लावलेलं असलं, की दिवसभर कोणी डबीत काय खेळ केले ते डबी बंद झाली की पुसलं जातं. सकाळी डबी पुन्हा जशीच्या तशी. काही कायमचं बदलायचं असेल, तर आधी झाकण काढायचं, मग बदल करायचा, मग झाकण परत लावायचं. भोकं उघडायला-मिटायला आणि झाकण काढायला पासवर्ड लागतो. एवढं लक्षात ठेवा. सगळं भांडण याच्यावरच झालं.

आत्या पूर्वी कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रं दुरुस्त करायची. दोनशे मशिनी, आणि कुठली अडखळतेय ते ती नुसत्या आवाजावरून सांगायची. तिथल्या ऑफिसात डब्या आल्या तेव्हा बसवायला आलेल्या माणसाच्या मागे मागे फिरून तिने त्याला इतकं पिडलं, की तो म्हणाला, “बाई, तुम्हीच बसवा आता, मी चहा पितो.” तिने बसवल्या. तिथून हा धंदा सुरू झाला. आज ज्या ज्या ऑफिसात जाते तिथे तिला डबीवाली म्हणतात. काही जण चिडवायला म्हणतात, पण ती ओ देते.

मी नववीत शाळा सोडली तेव्हा बापाने बोलणं टाकलं. आत्या आली, माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला आणि म्हणाली, “तोंड चालवतेस तेवढे हात चालव.” बस. त्यावर भाषण नाही, काही नाही.

माझी पहिली मोठी चूक सांगते, कारण तिचा इथे संबंध आहे. एका ऑफिसात मी अकरा डब्यांची भोकं बंद केली. पेनड्राइव्ह लावून बघितला, दिसेना. झालं, म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या अकरा उघड्या! मी झाकण न काढताच बदल केले होते, डब्या बंद झाल्या आणि माझी मेहनत पुसली गेली. या धंद्यात शिरणारा प्रत्येक माणूस ही चूक एकदा करतोच. आत्या खुर्चीवर बसून हसत होती.

“हसतेस काय?”

“काल ‘झालं’ कोण म्हणालं होतं?”

“मी.”

“सकाळ बघितल्याशिवाय ‘झालं’ म्हणायचं नाही. रात्र काढलेली डबी तीच खरी डबी.”

तेव्हापासून ती आणि मी, कितीही डब्या असोत, दुसऱ्या दिवशी सकाळी परत जातो. एकेक चालू करतो, एकेकीला पेनड्राइव्ह लावून बघतो. त्याशिवाय कागदावर सही नाही. लोकांना वाटतं आम्ही वेळ काढतोय. वाटू दे.

तर सतरा नंबरची डबी जिथे होती ते ऑफिस आजारपणाच्या विम्याचं. कोणाला काय झालंय, कुठलं ऑपरेशन, कुठलं औषध, घरचा फोन नंबर, सगळं तिथे. बत्तीस टेबलं, बत्तीस डब्या. आम्ही दोन सुट्टीच्या दिवसांत बसवल्या. प्रत्येक डबीला वायरीचं कुलूप, टेबलाच्या पोटाला नंबर, भोकं बंद, झाकण बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडल्यावर तपासणी. सतरा नंबरच्या टेबलावर विमेदारांच्या याद्या सांभाळणाऱ्या एक बाई बसतात. चष्मा साखळीला अडकवलेला, पर्स भिंतीएवढी. आम्ही त्यांना सतरावाल्या ताई म्हणायचो. त्या आत्याशी तिथल्या तिथे भांडल्या.

“अहो डबीवाल्या बाई, हे काय केलंत? माझ्या नातीचे फोटो दिसत नाहीत यावर!”

“दिसणारच नाहीत.”

“अहो पण पेनड्राइव्ह माझा, नात माझी!”

“डबी ऑफिसची आहे ना ताई. नात घरी बघा.”

“घरी ती मला बघू देते कुठे? रडतेच नुसती!”

सगळं ऑफिस हसलं. आत्याने ऐकलं नाही. मग तिने पासवर्ड एका कागदावर लिहिला, पाकिटात घातला, पाकीट चिकटवून जोडावर आडवी सही केली आणि तिथल्या मुख्य साहेबांच्या हातात दिलं. “मी उद्या गाडीखाली आले तर तुम्ही अडायला नको. तोवर फोडू नका.” तो पासवर्ड दोनच ठिकाणी होता, तिच्या डोक्यात आणि त्या पाकिटात. मलासुद्धा सांगितला नव्हता तिने. मी रागावले होते, पण ते वेगळं.

चार महिन्यांनी ऑफिसातून फोन आला. ताबडतोब या.

आम्ही पोचलो तर बाहेरच्या खिडकीपाशी एक म्हातारे काका आवाज चढवून बोलत होते. बस चालवायचे म्हणे, आता मूत्रपिंड गेलंय. “माझ्या बायकोला नाही सांगितलेलं मी! आणि परका माणूस फोन करून विचारतो, डायलिसिस आठवड्यातून दोनदा की तीनदा? आमच्याकडे स्वस्त आहे म्हणतो! फोन उचलला कोणी? बायकोने!” खिडकीतला मुलगा नुसते कागद चाळत होता. तसे फोन शेकडो जणांना येत होते. विमा घेतलेल्यांची यादी आजारांसकट बाहेर गेली होती आणि औषधं विकणाऱ्यांच्या हाती लागली होती.

साहेब केबिनमध्ये. वरच्या ऑफिसचा तपासनीस येऊन गेला होता, त्याने बत्तीस डब्या तपासल्या होत्या. एकतीस बंद. सतरा नंबर उघडी.

“बसा, बसा,” साहेब आत्याला म्हणाले. मला कोणी बस म्हटलं नाही, मी बसले. “हे बघा, तुमच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण झालंय असं, की तुम्ही सतरा नंबर बंद करताना ते जे काय असतं, झाकण, ते काढायचं राहून गेलं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ते उघडलं. माणूस आहे, होतं.”

म्हणजे बघा! माझी अकरा डब्यांची चूक या माणसाने आत्याच्या गळ्यात घातली. कोणीतरी शिकवून पाठवल्यासारखी, अगदी नेमकी.

“नाही राहिलं,” आत्या म्हणाली.

“मोठं काही नाही हो. तुम्ही एक कागद लिहून द्या. सतरा क्रमांकाचे यंत्र नजरचुकीने उघडे राहिले. बस. नजरचुकीने. एक शब्द! तुम्हाला कोणी काही करणार नाही. नजरचूक म्हणजे गुन्हा नाही. विषय संपला.”

किती गोड बोलत होता! जशी काही वाटीत खीर घालून देतोय. आणि त्या एका शब्दाचं पुढे काय होतं ते त्याला पक्कं माहीत होतं. आमच्या कामात आधीच्या ऑफिसचं पत्र बघितल्याशिवाय पुढचं ऑफिस आत घेत नाही. जिच्या नजरचुकीने रोग्यांची यादी बाहेर गेली, तिला डबीला हात कोण लावू देईल? सोळा वर्षांचं नाव तिचं. एका शब्दात पुसायचं, आणि वर म्हणायचं विषय संपला.

आत्या उठली. “सतरा नंबर बघू.”

“कशाला आता?”

“नजर माझी आहे ना? मग बघू दे.”

ती चालायला लागली. साहेब मागे, मी त्यांच्या मागे. सतरावाल्या ताई खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या, चष्मा छातीवर. आजूबाजूची टाइप करायची टकटक एकेक करून थांबली.

आत्या आधी सोळा नंबरला बसली. आपल्या पिशवीतला पेनड्राइव्ह लावला. काही नाही. मग तिने पासवर्ड घातला आणि भोकं उघडली, पण झाकण काढलं नाही. पेनड्राइव्ह दिसायला लागला. “बघा साहेब, उघडली.” तिने डबी बंद केली, परत चालू केली. पेनड्राइव्ह गायब. “बघा, मिटली. झाकण न काढता केलेलं एक दिवस टिकतं. बरोबर?”

“तेच तर मी म्हणतोय,” साहेब म्हणाले. त्यांना वाटलं बाई कबूल होतेय.

“म्हणजे तुमचं म्हणणं, मी भोकं बंद केली ती एकच दिवस टिकली. दुसऱ्या सकाळी सतरा नंबर उघडी होती.”

“हो.”

आत्या वळली. “ताई, दुसऱ्या सकाळी आपलं भांडण कशावरून झालं होतं?”

सतरावाल्या ताई एकदा साहेबांकडे बघत होत्या, एकदा आत्याकडे. त्यांची नोकरी संपायला दोन वर्षं होती, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. का, कोण जाणे, समोर वाचायला काही नव्हतं.

“नातीचे फोटो दिसेनात म्हणून.”

“दिसेनात.”

“नाहीच दिसले. दोन महिने नाही दिसले. मी रोज लावून बघायचे, म्हटलं एखाद दिवशी हिची डबी चुकेल.” त्यांनी चष्मा पुन्हा खाली सोडला. “चुकली नाही.”

कोणीतरी फिसकन हसलं.

“ताई, तुम्ही कामाला लागा,” साहेब म्हणाले.

“लागते की. पण साहेब, नंतर दिसायला लागले ना. तुम्ही बाहेरून त्या टाय लावलेल्या कॉम्प्युटरवाल्या मुलाला घेऊन आलात, मला म्हणालात, जा, चहा घेऊन या. मी म्हटलं, चहा आत्ताच झाला. तुम्ही म्हणालात, मग अजून एक घ्या. परत आले तर फोटो दिसत होते. आणि इथे,” त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, “इथे फाटलेलं पाकीट पडलं होतं. आडवी सही असलेलं. मी म्हटलं असेल काही ऑफिसचं. कचऱ्यात टाकलं.”

मी साहेबांकडे बघत होते. माणसाचा रंग उडतो म्हणतात, तसं काही झालं नाही. उलट चढला.

“मग काय करायचं मी?” ते ओरडले. “दर बैठकीला यादी न्यायची म्हटली की वर अर्ज करा, परवानगी घ्या, दोन दिवस थांबा! मी या ऑफिसचा प्रमुख आहे! माझ्याच ऑफिसची यादी मी माझ्या पेनड्राइव्हवर घेतली तर...”

 काय बोलून बसलो ते त्यांना सगळ्यांच्या शेवटी कळलं. तो पेनड्राइव्ह आता कुठे आहे असं कोणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, बाहेर ते बसवाले काका अजून बोलत होते.

आत्या म्हणाली, “नजर माझी होती साहेब. चूक तुमची. एका शब्दात दोन्ही घालू नका.”

मग तिने काय करावं? मी असते तर पिशवी उचलून निघाले असते. ती सतरा नंबरच्या खुर्चीत बसली. झाकण काढलं, भोकं बंद केली, झाकण लावलं, पासवर्ड बदलला. साहेब म्हणाले, “तुम्हाला आता हात लावायचा अधिकार नाही.” ती म्हणाली, “मग थांबवा.” कोणी थांबवलं नाही. ताई बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, “गेले का माझे फोटो?” आत्या म्हणाली, “गेले.” ताई म्हणाल्या, “जाऊ देत.”

इथे गोष्ट संपायला हवी होती ना? मलाही तसंच वाटलं होतं.

आठ दिवसांनी एका हॉस्पिटलातून फोन आला. तिथे आमचं चाळीस डब्यांचं काम ठरलं होतं. तिथली बाई बिचारी अवघडून बोलत होती. विम्याच्या ऑफिसकडून पत्र मागवलं होतं, आलंय, आणि त्यात लिहिलंय, “तंत्रज्ञाच्या नजरचुकीने.” आत्याची सही नाही, कबुली नाही, काही नाही. तिने लिहिलं नाही म्हणून त्यांनीच लिहून टाकलं! तीस माणसांसमोर ओरडून कबूल केलेला माणूस दार लावून शांतपणे तोच शब्द टाइप करतो, शिक्का मारतो आणि जेवायला जातो. घास कसा उतरतो हो यांच्या घशाखाली?

मी म्हटलं, मी जाते, दगड घालते काचेवर. आत्या म्हणाली, “काचेने काय केलंय?”

“मग तू काय करणार आहेस? पूजा?”

“बसणार आहे.”

आणि खरंच जाऊन बसली. ऑफिसच्या बाहेरच्या भागात, जिथे विमावाले लोक नंबर लावून बसतात, तिथे निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत. दहाला जायची, एकला उठायची. पहिल्या दिवशी शिपाई आला. “काम काय?” “एक शब्द काढून घ्यायचाय.” “कुठल्या खिडकीवर?” “साहेबांच्या.” तो डोकं खाजवत गेला.

दुसऱ्या दिवशी ते बसवाले काका शेजारी येऊन बसले. त्यांनी विचारलं, तुमचं काय? आत्याने सांगितलं, सगळं. मग पलीकडच्या बाईने विचारलं, तिलाही सांगितलं. ओरडून नाही, साध्या आवाजात, विचारलं तेवढंच. पण त्या खोलीत रोज शंभर माणसं येतात, आणि बसून राहिलेल्या माणसाला दुसऱ्याच्या गोष्टीशिवाय काय असतं? तिसऱ्या दिवशी खिडकीपाशी येणारा प्रत्येक जण काम झाल्यावर विचारायला लागला, “ते पेनड्राइव्हवाले साहेब कुठले?” मी मुद्दाम मोठ्याने केबिन दाखवायचे. आत्या डोळे वटारायची. मी दाखवायचेच.

काकांनी तिला एकदा हळूच विचारलं, “तुम्ही परत बंद केलंत म्हणता. म्हणजे आता मला फोन यायचे थांबतील?” आत्या खोटं बोलत नाही हा तिचा रोग आहे. म्हणाली, “नाही हो. गेलेलं परत येत नाही.” काका खाली बघत बसले. मला त्या क्षणी खरोखर दगड हवा होता.

चौथ्या दिवशी साडेबाराला साहेब स्वतः बाहेर आले, हातात ते पत्र. सगळ्यांसमोर खिशातून पेन काढलं, “नजरचुकीने” या शब्दावर आडवी रेघ मारली आणि कागद आत्यापुढे धरला. “घ्या. झालं समाधान?”

आत्याने कागद घेतला नाही.

“खोडलेला शब्द वाचता येतो, साहेब. उलट तोच आधी वाचतात. नवीन कागद काढा.”

“तुम्ही फार ताणताय.”

“मला एकपर्यंत वेळ आहे. उद्या पण आहे.”

खुर्च्यांवरची माणसं बघत होती. नंबर पुकारला तरी कोणी उठेना. खिडकीतला मुलगा तीनदा ओरडला, “चौऱ्याऐंशी!” चौऱ्याऐंशी नंबरवाल्या बाई म्हणाल्या, “थांब रे, बघतेय.”

साहेब आत गेले. थोड्या वेळाने सतरावाल्या ताई बाहेर आल्या, हातात छापलेला कागद, अजून कोमट. साहेब मागे. आत्याने तिथेच उभं राहून वाचला, मला ऐकू येईल असा. “सतरा क्रमांकाचे यंत्र कार्यालयप्रमुखांच्या सांगण्यावरून उघडण्यात आले होते. तंत्रज्ञाच्या कामात कोणताही दोष आढळला नाही. याआधीचे पत्र रद्द समजावे.” खाली एक वेडीवाकडी सही.

“सहीखाली नाव लिहा,” आत्या म्हणाली. “अशी सही कोणाचीही असते.”

त्यांनी भिंतीला कागद टेकवून नाव लिहिलं, सगळी अक्षरं नीट. हॉस्पिटलच्या बाईला त्याचा फोटो मी तिथूनच पाठवला. तिचं उत्तर यायला अर्धा तास लागला: सोमवारी नऊ वाजता या.

माफी मात्र कोणी मागितली नाही. ना आत्याची, ना काकांची. मी जिन्यात म्हटलं, “निदान सॉरी तरी म्हणायला लावायचं होतंस.”

“ते मागून घेतलेलं काय कामाचं?” ती म्हणाली आणि दोन दोन पायऱ्या उतरायला लागली.

तिला नको असेल. मला हवं आहे. अजून हवं आहे.